काइटसर्फिंगची जागा गर्दीच्या दक्षिणेला हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाताळची सुट्टी असो की मार्च-एप्रिलमधले जोडून आलेले शनिवार-रविवार, नाशिकची मंडळी त्र्यंबक-मोखाडा-जव्हारमार्गे डहाणू-बोर्डीला उतरतात, नाहीतर कसारा घाट उतरून अलिबागची वाट धरतात. या किनाऱ्यांवर काइटसर्फिंग, म्हणजे मोठ्या पतंगाच्या (काइटच्या) ओढीने पायाखालच्या फळीवर (बोर्डवर) उभे राहून पाण्यावर सरकण्याचा खेळ, खेळणारे अजून तुरळकच. पण जे असतात ते जिथे वाळू सपाट आणि गाडी जवळ लावता येते तिथेच असतात, आणि सहलीची गर्दीही तिथेच असते. आम्ही नाशिकचे काही जण हा खेळ खेळतो. खेळणारे आणि बघणारे, दोघांच्याही उपयोगाच्या काही गोष्टी या पत्रातून मांडतो.

पहिली गोष्ट, धोका पाण्यात कमी आणि वाळूवर जास्त असतो. पाण्यात माणूस पडला तर पाणी झेलते. वाळूवर त्याच ओढीने माणूस दगडावर, बाकड्यावर, सुरूच्या बुंध्यावर जाऊन आदळतो. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला, त्याच्या शर्यती मार्सेच्या समुद्रात झाल्या. टीव्हीवर दिसले ते मोकळे पाणी. काइट वाळूवरून उचलणे आणि परत वाळूवर उतरवणे हे त्यात फारसे दिसत नाही, आणि गडबड तिथेच होते.

काइटला साधारण 20 ते 24 मीटर लांबीच्या चार दोऱ्या असतात. पुढच्या दोन ओढ घेतात, मागच्या दोन वळवतात. दोरी जेमतेम दोन मिलिमीटरची, पण कित्येकशे किलोचा ताण सोसणारी. येवल्याच्या आसारीवरचा (फिरकीवरचा) मांजा नाशिककरांना माहीत आहे आणि नायलॉन मांजाने गळे कसे चिरतात हेही माहीत आहे. काइटच्या दोरीला काच नसते, पण ताणलेली असताना ती बोटावरून किंवा मानेवरून सरकली की जखम खोलच होते. म्हणून ताणलेल्या दोरीला कोणीही हात लावू नये, मदतीसाठीसुद्धा नाही. सुटलेली दोरी हाताला गुंडाळून धरणे तर त्याहून वाईट.

आता जागेचा हिशेब. कोकण किनाऱ्याचे तोंड पश्चिमेला. दुपारी सुटणारे खारे वारे, विशेषतः फेब्रुवारी ते मे, बहुधा वायव्येकडून येतात. म्हणजे काइट माणसाला ओढणार आग्नेयेकडे, किनाऱ्याने दक्षिणेला आणि थोडे आत, सुरूच्या बनाकडे. समुद्राकडे तोंड करून उभे राहिलात तर काइटवाल्याच्या डावीकडचा आणि पाठीमागचा भाग हा धोक्याचा. तिथे दोन दोऱ्यांइतकी, म्हणजे किमान 50 मीटर जागा रिकामी हवी. त्याला ओलांडून जायचे असेल तर जिकडून वारा येतो त्या बाजूने, उत्तरेकडून जावे. काइट आणि माणूस यांच्यामधून जाणे, मग काइट वर असो की जमिनीवर, पूर्ण वर्ज्य.

याच हिशेबातून आमची मुख्य मागणी निघते. काही ठिकाणी जलक्रीडांसाठी झेंडे लावून जागा आखलेली असते, पण ती वाहनतळापासून किती जवळ यावर ठरते, वाऱ्याकडे कोणी बघत नाही. काइटची जागा गर्दीच्या दक्षिण टोकाला, गर्दीच्या खालच्या अंगाला, म्हणजे वारा जिकडे जातो त्या बाजूला हवी. ती उत्तरेला ठेवली तर ज्याचा बोर्ड पायातून सुटला, ज्याची दोरी गुंतली, ज्याला वाऱ्याविरुद्ध वर चढता आले नाही, असा प्रत्येक जण वाहत वाहत थेट पोहणाऱ्यांमध्ये येतो. दक्षिणेला असेल तर तो रिकाम्या किनाऱ्याकडे जातो. किनाऱ्याच्या कडेने शंभरेक मीटरचा पट्टा, चार कोपऱ्यांना चार झेंडे आणि वाऱ्याची दिशा दाखवणारी एक कापडी नळी, एवढ्यावर काम भागते. ग्रामपंचायत आणि महाराष्ट्र सागरी मंडळ यांनी मनावर घेतले तर यात खर्च असा काहीच नाही.

वेळेचा हिशेब मात्र खेळणाऱ्यानेच करायचा. खारा वारा दुपारी बारा-एकला सुरू होतो आणि दोन ते पाचच्या दरम्यान भर धरतो. सहलीच्या बसगाड्याही त्याच वेळेला येतात. त्यात भरती आली तर वाळूचा पट्टाच उरत नाही. किनाऱ्यावरचे लोक तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची साधारण वेळ काढतात, ती पद्धत काइटवाल्यांनी पाठ करावी. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे भर दुपारी तीनला पूर्ण भरती. मुंबई-अलिबाग पट्ट्यात उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या पुढे जातो आणि चतुर्थीपर्यंत त्याचा जोर बराच टिकून असतो. अशा रविवारी दुपारी काइट पिशवीतच बरा. एकादशीला भरती सव्वाआठच्या सुमारास, म्हणजे दोन-सव्वादोनला ओहोटी. वाळू रुंद, गर्दी विखुरलेली. दिवस निवडायचा तर असा. फक्त ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवर आणि मासेमारीच्या जाळ्यांच्या खुंटांवर नजर ठेवावी.

हिवाळ्यात सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो. पाणी शांत दिसते आणि नवशिक्याला तेच सोयीचे वाटते. त्या वाऱ्यात एकदा काइट पाण्यात पडला की माणूस किनाऱ्यापासून लांबच जात राहतो. सोबत इंजिनाची बोट नसेल तर त्या वाऱ्यात उतरूच नये. समुद्राकडून सरळ काटकोनात येणारा वाराही टाळावा, कारण तो थेट झाडीत आणि तारांवर नेतो. कडेने किंवा कडेने-आत येणारा वारा सर्वांत बरा, आणि आपला दुपारचा वायव्येचा वारा नेमका तसा आहे.

काइटचे माप निवडताना एक गणित विसरले जाते. ओढ वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाने वाढते. वारा 15 नॉटवरून (नॉट हे वाऱ्याच्या वेगाचे एकक) 21 नॉटवर गेला, तर बघणाऱ्याला फरक जाणवणारही नाही, पण ओढ जवळपास दुप्पट होते. 75 किलोच्या माणसाला 15 ते 18 नॉटमध्ये 12 चौरस मीटरचा काइट ठीक आहे, 20 च्या पुढे 9 चा. दीड वाजता 12 चा लावला आणि साडेतीनला वारा चढला की तोच काइट अंगावर येतो. शंका असेल तर लहान माप.

उचलताना काय चुकते ते जरा तपशिलाने सांगतो, कारण बहुतेक अपघातांची सुरुवात इथेच असते. काइट पाण्याकडच्या बाजूला आणि माणूस वाळूच्या वरच्या बाजूला, अशी मांडणी हवी. उलट केली, तर चूक झाल्यावर ओढ झाडांकडे जाते. जोडणी झाल्यावर चारही दोऱ्या बारपासून (हातात धरायच्या दांडीपासून) काइटपर्यंत चालत जाऊन, बोटांमधून सरकवत तपासाव्यात. बहुतेक कंपन्या पुढच्या आणि मागच्या दोऱ्यांच्या टोकांना गाठ आणि फास उलटसुलट देतात, म्हणजे चुकीची जोडी बसू नये. पण डावी-उजवी अदलाबदल होऊ शकते. लाल टोक डाव्या हाताला, हे उचलण्याआधी दोघांनी मोठ्याने बोलून घ्यावे. एक दोरी जरी चुकली तरी काइट हवेत जाताच गरगरत जमिनीवर येतो आणि प्रत्येक फेऱ्यात पूर्ण ताकदीने ओढतो.

मदतनीसाने काइटच्या पुढच्या कडेच्या फुगवलेल्या नळीला मध्यभागी धरायचे. खेळणारा हळूहळू वाऱ्याच्या वरच्या अंगाला सरकतो. कापड फडफडत असेल तर अजून थांबायचे, फडफड थांबून कापड भरले आणि दोऱ्या ताणल्या की अंगठा वर, आणि मग हात नुसता सोडायचा. काइट वर फेकायचा नाही, त्याच्यामागे धावायचे नाही. खेळणारा जागेवर नसताना, म्हणजे काइट वाऱ्याच्या थेट खालच्या अंगाला असताना सोडला, तर तो कडेने सावकाश चढत नाही, मधल्या ताकदीच्या पट्ट्यातून झेप घेतो आणि माणसाला उचलून फेकतो. किनाऱ्यावरच्या कुणालाही ‘जरा धरता का’ म्हणून काइट हातात देण्याची सवय म्हणूनच वाईट. धरणाऱ्याला हे सगळे ठाऊक नसेल तर थांबावे, वारा काही कुठे जात नाही.

एकदा वर गेला की काइट डोक्यावर धरून वाळूवर गप्पा मारत उभे राहणारे पुष्कळ. वाऱ्याचा एक झोत आला तर डोक्यावरचा काइट माणसाला सरळ वर नेतो. काइट खाली, पाण्याच्या बाजूला ठेवून लगेच पाण्यात शिरावे.

उतरवायचे असेल तेव्हा खेळणारा डोक्यावर हात थापटतो. ही खूण सहलीला येणाऱ्यांनीही ओळखून ठेवावी आणि त्या बाजूची जागा सोडावी. उतरलेला काइट उलटा करून, फुगवलेली नळी वाऱ्याकडे ठेवून, कापडावर ओल्या वाळूच्या दोन-तीन ओंजळी नव्हे, चांगले घमेलेभर वजन टाकावे. कोरडी वाळू पाच मिनिटांत उडून जाते. दोऱ्या बारवर गुंडाळल्याशिवाय चहाला जाऊ नये. घोडागाडीच्या किंवा वाळूवर भाड्याने फिरणाऱ्या चारचाकी बाइकच्या चाकात दोरी अडकली की पडलेला काइट उभा राहतो आणि त्या टोकाला तेव्हा कोण असेल ते सांगता येत नाही.

सुटका तीन टप्प्यांची असते. आधी बार सोडणे, बरीच ओढ तिथेच जाते. घाबरलेला माणूस नेमका उलट करतो, बार घट्ट धरून स्वतःकडे खेचतो आणि ओढ वाढवतो. दुसरा टप्पा, छातीजवळचा क्विक रिलीज, म्हणजे झटकन सुटणारी कडी, पुढे ढकलणे. काइट एका दोरीवर फडफडत पडतो. तरीही ओढ राहिली तर तिसरा, लीश, म्हणजे काइटला अंगाशी बांधून ठेवणारी दोरीही सोडणे. पण खालच्या अंगाला माणसे असतील तर सुटलेला काइट त्यांच्यावर जाईल, म्हणून हा शेवटचा उपाय. लीश हार्नेसच्या (अंगावर बांधायच्या पट्ट्याच्या) पुढच्या बाजूलाच लावावी. पाठीमागे लावली की ऐन वेळी हाताला लागत नाही. रिलीजमध्ये वाळू आणि मीठ बसते, ते दर वेळी गोड्या पाण्याने धुवावे आणि उतरण्याआधी एकदा खरेच उघडून बघावे. जुना बार विकत घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, या सुटकेच्या यंत्रणेसाठी आयएसओ 21853 हे मानक 2020 मध्ये आले. त्याआधीचे रिलीज ताणाखाली अडकणारे असू शकतात, आणि स्वस्तात मिळतात ते त्यामुळेच.

पाण्यातले नियम थोडके. पोहणाऱ्याचा हक्क सगळ्यांत आधी. समोरासमोर आल्यास ज्याचा उजवा हात पुढे त्याला वाट, आणि बाहेर जाणाऱ्याला परत येणाऱ्यापेक्षा आधी वाट. आपल्या किनाऱ्यावर वायव्येच्या वाऱ्यात बाहेर जाणाऱ्याचा उजवा हात पुढे असतोच, त्यामुळे भांडणाला जागा नाही. जवळून जाताना वरच्या अंगाचा काइट उंच, खालच्या अंगाचा ठेंगणा. उडी मारायची तर खालच्या अंगाला 50 आणि वरच्या अंगाला 30 मीटर मोकळे हवे. मोबाइल घेऊन उभ्या असलेल्या घोळक्यासमोर उडी मारून दाखवण्यात कसब नाही, आगाऊपणा आहे.

गंगापूर धरणावर का नाही, असे काही जण विचारतात. टेकड्यांवरून आणि झाडीवरून येणारा वारा तिथे झोतांनी येतो, उचलण्या-उतरवण्याला वाळूचा सपाट पट्टा नाही आणि ते शहराच्या पिण्याचे पाणी आहे. शिकण्याची ती जागा नव्हे.

काइट आणि बोर्ड यांवर नाव आणि मोबाइल क्रमांक पक्क्या शाईने लिहून ठेवावा. रिकामा काइट तरंगताना दिसला की माणूस बुडाला समजून शोध सुरू होतो. लिहिलेल्या क्रमांकावर तो घरी असल्याचे कळले तर बोटी परत फिरतात. माणूस खरोखर बाहेर वाहत असेल तर तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक लावावा आणि काइटचा रंग, शेवटचा कोणत्या खुणेसमोर दिसला, किती वाजता आणि कोणत्या दिशेने जात होता, एवढे चार तपशील द्यावेत. फोन करणाऱ्याने त्याच्यावरची नजर मात्र हटवू नये, दुसऱ्या कुणाला तरी सतत त्याच्याकडे बोट दाखवत उभे करावे.

आपले,
काइटसर्फिंग करणारे काही वाचक, नाशिक