सोन्याच्या मुलाम्याची स्मृतिनाणी : ग्राहक व्यवहार मंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

दसरा, धनत्रयोदशी, अक्षय्य तृतीया जवळ आली की सोन्याचा मुलामा दिलेली स्मृतिनाणी मखमली डब्यांतून आणि अनुक्रमांक घातलेल्या प्रमाणपत्रांसह विक्रीला येतात. ‘मर्यादित आवृत्ती’, ‘पुढे भाव वाढणार’ अशी त्यांची जाहिरात होते. नागपुरात अनेक वर्षे नाणी जमवणारा नागरिक या नात्याने, या विक्रीला आपल्या मंत्रालयाने नियम घालून द्यावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

माझ्या परिचयातील एका निवृत्त शिक्षिकेने नातवाच्या बारशाला असे एक नाणे साडेतीन हजार रुपयांना घेतले होते. पुढे अडचणीच्या वेळी त्यांनी ते इतवारीच्या सराफ्यात मोडायला नेले. सराफाने काठावरून हलकीशी कानस फिरवली, तो काठ कसोटीच्या दगडावर घासला आणि रेघेवर आम्लाचा थेंब टाकला. रेघ हिरवट होऊन विरून गेली. आत पितळ होते. प्रमाणपत्रावर ‘२४ कॅरेट’ हे शब्द ठळक छापलेले होते, पण सोने किती मिलिग्रॅम आहे याचा उल्लेख त्यावर कुठेच नव्हता. २४ कॅरेट ही शुद्धता मुलाम्याची असते, नाण्याची नव्हे, हे त्या बाईंना विकत घेताना कोणी सांगितले नाही.

हिशेब करून पाहावा. ४० मिलिमीटर व्यासाच्या आणि ३ मिलिमीटर जाडीच्या नाण्याचे दोन्ही बाजू व कड मिळून क्षेत्रफळ सुमारे २९ चौरस सेंटिमीटर भरते. त्यावर ०.१ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मुलामा चढवायला साधारण साडेपाच मिलिग्रॅम सोने लागते. ग्रॅमला दहा हजार रुपये भाव धरला तर त्याची किंमत साठ रुपयांच्या आतच राहते, आणि इतका पातळ थर उतरवून घेणे कोणत्याही सराफाला परवडत नाही.

राहिले संग्रहमूल्य. ते ठरते नाणे कोणत्या टांकसाळीने पाडले, किती पाडले, कोणत्या स्थितीत उरले आणि मागणी किती आहे, यांवर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १२५व्या जयंतीनिमित्त ६ डिसेंबर २०१५ रोजी प्रकाशित झालेले १२५ रुपयांचे नाणे ४४ मिलिमीटर व्यासाचे, ३५ ग्रॅम वजनाचे आणि निम्म्या चांदीचे आहे. दीक्षाभूमीच्या या शहरात त्याचे अप्रूप असणे स्वाभाविकच आहे. सरकारी टांकसाळीच्या अशा नाण्याला बाहेर कोणी सोन्याचे पाणी दिले, तर त्याची किंमत वाढण्याऐवजी घटते, कारण मूळ पृष्ठभाग झाकला जातो आणि जाणकार संग्राहक असे नाणे बिघडलेले समजतो. परदेशांतील काही टांकसाळी स्वतःच चांदीच्या नाण्यांवर मुलामा देतात. तिथे टांकसाळीचे नाव आणि जाहीर केलेली संख्या पाठीशी असल्याने गोष्ट वेगळी आहे.

मला सर्वाधिक काळजी वाटते ती शिवकालीन होनाच्या, म्हणजे त्या काळच्या सोन्याच्या नाण्याच्या, मुलामा दिलेल्या प्रतिकृतींची. त्या श्रद्धेने घेतल्या जातात, देवघरात ठेवल्या जातात, यात गैर काहीच नाही. परंतु त्यांवर ‘प्रतिकृती’ असे कोरलेले नसेल, तर दोन पिढ्यांनंतर घरातल्यांना ती वस्तू खरा होन वाटणार, आणि अस्सल होनांच्या अभ्यासातही घोळ होणार. अमेरिकेने यासाठी १९७३ सालीच कायदा करून नाण्यांच्या नकलांवर ‘नक्कल’ अशी ठळक खूण सक्तीची केली. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क सक्तीच्या कक्षेतील दागिन्यांवर सहा अक्षर-अंकी क्रमांक असल्याशिवाय ते विकता येत नाहीत, पण मुलाम्याच्या नाण्याला हे संरक्षण मिळत नाही.

म्हणून अशा प्रत्येक नाण्याच्या वेष्टनावर आतला धातू, सोन्याचे मिलिग्रॅममधील वजन, ते पाडणाऱ्याचे नाव आणि एकूण संख्या छापणे सक्तीचे करावे, ते सरकारी टांकसाळीचे नसल्यास तसे मराठीसह स्थानिक भाषांत स्पष्ट लिहायला लावावे, आणि ऐतिहासिक नाण्याच्या प्रतिकृतीवर तशी खूण धातूतच उमटवायला लावावी. भाववाढीचे आश्वासन देणाऱ्या जाहिरातींवर तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ अन्वये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला आजही कारवाई करता येते. ती येत्या दसऱ्यापूर्वी सुरू व्हावी.

कळावे,

आपला विश्वासू,
एक नाणेसंग्राहक, नागपूर