झाडापासून आले, तरी ते औषधच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत पुरुषांच्या केसगळतीवरील नैसर्गिक उपायांचा लेख वाचला. लेख मनापासून लिहिलेला आहे. विशी-पंचविशीत केस विरळ होऊ लागले की मुलगा फोटो काढून घ्यायचे टाळतो, दिव्याच्या थेट खाली बसत नाही, हे लेखिकेने नेमके टिपले आहे. पण शेवटाकडे एक वाक्य आहे : 'हे उपाय वनस्पतिजन्य असल्यामुळे दुष्परिणामांची भीती नाही.' त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहितो आहे. तेच वाक्य खरे मानून मी चौदा महिने काढले आहेत.

माझे केस कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून लवकरच मागे हटू लागले. वडिलांचे तसेच गेले होते, आजोबांचेही. त्वचारोगतज्ज्ञांनी फिनास्टेराइडची गोळी लिहून दिली. पाकिटातला कागद उघडला, कामेच्छा कमी होणे वगैरे वाचले आणि गोळ्या कपाटातच राहिल्या. त्याऐवजी मी कॅप्सूल घेऊ लागलो. बाटलीवर सॉ पाल्मेटो, लाल भोपळ्याच्या बियांचे तेल, सोयाबीनमधले आयसोफ्लेवोन आणि बायोटिन हे जीवनसत्त्व अशी नावे होती, वर हिरव्या पानाचे चित्र. सहा महिन्यांत फरक दिसेना, म्हणून जोडीला प्युरेरिया मिरिफिका या वेलीच्या कंदाची पूड सुरू केली. ही वेल थायलंडच्या बाजूची. तिच्या कंदात मिरोएस्ट्रॉल आणि डीऑक्सिमिरोएस्ट्रॉल ही द्रव्ये असतात आणि ती शरीरात इस्ट्रोजेनसारखी, म्हणजे स्त्री-संप्रेरकासारखी वागतात. स्तनांची वाढ व्हावी म्हणून जी पूड विकली जाते, तीच मी डोक्यावर केस टिकावेत म्हणून घेत होतो. आणि हे मला ठाऊक होते. पुरुष-संप्रेरकाने केस जातात, मग स्त्री-संप्रेरकासारखे काही घेतले की ते थांबतील, इतका सरळ हिशेब मी मांडला होता.

वर्ष उलटल्यावर डाव्या स्तनाग्राखाली दुखरी, रबरासारखी गाठ हाताला लागली. शर्ट घासला तरी कळ यायची. डॉक्टरांनी विचारले, "काही औषधं चालू आहेत?" मी म्हणालो, "नाही, काहीच नाही." मी लपवत नव्हतो. त्या कॅप्सूल माझ्या लेखी औषध नव्हत्याच.

मग रक्ततपासण्या झाल्या. थायरॉइडच्या अहवालात टीएसएच (ग्रंथीला कामाला लावणारे संप्रेरक) खाली आणि टी-४ (ग्रंथी स्वतः बनवते ते संप्रेरक) वर, म्हणजे ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करते आहे असे चित्र. तशा आजारातही पुरुषाच्या छातीत अशी वाढ होते, त्यामुळे तपास साहजिकच त्या दिशेने गेला. तीन आठवडे मी स्वतःला थायरॉइडचा रोगी समजत होतो. पुढे ज्या डॉक्टरांकडे मला पाठवले, त्यांनी प्रश्न बदलून विचारला : "सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत पाण्याबरोबर काय काय गिळता, सगळं सांगा." तेव्हा कुठे बाटल्या पिशवीतून बाहेर आल्या.

एका कॅप्सूलमध्ये बायोटिन होते १० मिलिग्रॅम. मोठ्या माणसाला दिवसाला पुरते ते साधारण ३० मायक्रोग्रॅम. मी तीनशे पटींहून जास्त घेत होतो. प्रयोगशाळेतल्या अनेक चाचण्यांच्या रसायनांतच बायोटिन वापरलेले असते, त्यामुळे रक्तात ते इतके असले की त्या चाचण्या फसतात. थायरॉइडची फसते, तशीच हृदयविकाराचा झटका ओळखण्यासाठीची ट्रोपोनिनचीही फसू शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर सूचना काढली. ट्रोपोनिनचा आकडा चुकून कमी आल्यावर एक रुग्ण दगावल्याची नोंद तिच्यात आहे. केसांसाठीच्या गोळीने छातीत दुखणाऱ्या माणसाचा अहवाल खोटा पडावा, ही गोष्ट माझ्या मनातून अजून जात नाही.

सगळे बंद करून काही दिवसांनी तपासणी पुन्हा केली, तेव्हा थायरॉइड ठीक निघाले. गाठ विरायला पाच महिने लागले. एका माणसाच्या अनुभवावरून ती नेमकी कशाने आली हे सिद्ध होत नाही, असे डॉक्टरांनी तेव्हाच बजावले होते आणि ते मला मान्य आहे. म्हणून मी मुळापासून वाचायला बसलो. जे कळले ते आपल्या वाचकांनाही कळावे असे वाटते.

पुरुषांना पडणाऱ्या टकलाचा आणि संप्रेरकांचा संबंध जुनाच ठाऊक आहे. १९४२ मध्ये जेम्स हॅमिल्टन यांनी दाखवून दिले की वयात येण्याआधी ज्यांचे वृषण काढले गेले त्यांना टक्कल पडत नाही, आणि अशांना टेस्टोस्टेरॉन हे पुरुष-संप्रेरक दिले तर ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांचे केस जाऊ लागतात. पुढे कळले की खरे काम डीएचटी या संप्रेरकाचे. टेस्टोस्टेरॉनपासून ते तयार होते ५-अल्फा-रिडक्टेज या विकरामुळे (एन्झाइममुळे). ज्यांच्या केसांची मुळे अनुवंशाने डीएचटीला हळवी असतात, त्यांच्यात केसांच्या वाढीचा काळ आखडत जातो, मूळ आकसते आणि जाड केसाच्या जागी लव उरते.

१९७४ मध्ये ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथल्या काही मुलांमध्ये हा विकर जन्मतःच अपुरा होता. जन्मताना ती मुलींसारखी दिसत, मुली म्हणूनच वाढवली जात आणि वयात येताना त्यांच्यात पुरुषाची लक्षणे प्रकट होत. मोठेपणी त्यांची प्रोस्टेट ग्रंथी लहानच राहिली आणि कपाळावरची केशरेषा मागे गेली नाही. याच निरीक्षणाने हा विकर रोखणाऱ्या फिनास्टेराइडची वाट दाखवली. १९९२ मध्ये प्रोस्टेटच्या वाढीसाठी ५ मिलिग्रॅम आणि १९९७ मध्ये केसांसाठी १ मिलिग्रॅम अशी त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली.

त्या कुटुंबांची हकीकत मला फार महत्त्वाची वाटते. हा विकर काही केसांपुरता बसलेला नाही. तो कमी पडला तर पोटातल्या मुलग्याचे जननेंद्रिय नीट घडत नाही. म्हणूनच फिनास्टेराइडची फुटकी गोळी गरोदर बाईने हातातही घेऊ नये असे पाकिटावर छापलेले असते. सॉ पाल्मेटो ज्या बाटलीत होते तिच्यावरही 'डीएचटी रोखते' असा दावा होता, पण गरोदरपणाचा एक शब्द नव्हता. दावा खरा असेल तर सूचना हवी होती. सूचनेची गरज नसेल, तर दावा कशाच्या बळावर केला?

सॉ पाल्मेटो हा अमेरिकेच्या आग्नेय भागात वाढणारा खुजा ताड. त्याच्या फळांचा तेलकट अर्क मुळात प्रोस्टेटसाठी वापरात आला, आणि तिथे त्याची चांगली कसोटी झालेली आहे. २००६ मध्ये २२५ पुरुषांना वर्षभर हा अर्क किंवा हुबेहूब दिसणारी निष्क्रिय कॅप्सूल देऊन पाहिली. दोन गटांत फरक नव्हता. मात्रा कमी पडली असेल या शंकेने पुढे ३६९ पुरुषांमध्ये ती टप्प्याटप्प्याने वाढवत रोजच्या ३२० मिलिग्रॅमच्या तिप्पट केली. २०११ मध्ये निकाल आला : तरीही फरक नाही. प्रोस्टेटची पीएसए ही रक्तचाचणी फिनास्टेराइडने जवळपास निम्म्यावर येते. सॉ पाल्मेटोच्या तिप्पट मात्रेनेही ती हलली नाही. परीक्षानळीत विकर रोखणारा पदार्थ माणसाच्या शरीरात तेच काम तेवढ्याच जोमाने करेल हे आपण गृहीत धरतो, तिथेच चूक होते.

केसांवरचे अभ्यास याहून तोकडे आहेत. २०१२ च्या एका इटालियन अभ्यासात १०० पुरुषांना दोन वर्षे सॉ पाल्मेटो किंवा फिनास्टेराइड दिले. सुधारणा दिसली ती अनुक्रमे ३८ आणि ६८ टक्क्यांत. पण कोण काय घेतो हे झाकलेले नव्हते आणि निष्क्रिय गोळीचा गट नव्हता. लाल भोपळ्याच्या बियांच्या तेलाचा २०१४ चा दक्षिण कोरियातला अभ्यास जास्त काटेकोर आहे : ७६ पुरुष, रोज ४०० मिलिग्रॅम, २४ आठवडे. केसांची संख्या तेलाच्या गटात ४० टक्के वाढली, निष्क्रिय कॅप्सूलच्या गटात १० टक्के. मात्र त्या कॅप्सूलमध्ये तेलाखेरीज इतर घटकही होते. मला हा निकाल आशादायक वाटतो आणि त्यावर मोठा अभ्यास व्हावा असे मनापासून वाटते. पण एवढ्या आधारावर 'सिद्ध उपाय' हा शब्द छापू नये.

सोयाबीनवर मी अन्याय करणार नाही. आहारातल्या सोयाने पुरुषांचे टेस्टोस्टेरॉन घटत नाही असे अनेक अभ्यास एकत्र तपासून दिसले आहे. तरी रोज सुमारे तीन लिटर सोया दूध पिणाऱ्या एका साठ वर्षांच्या गृहस्थाच्या छातीत वाढ झाल्याची आणि दूध सोडल्यावर ती कमी झाल्याची नोंद २००८ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली आहे. ग्रीन टीच्या अर्काचेही तसेच. प्यालेला चहा वेगळा आणि गोळीतला दाट अर्क वेगळा. त्यातले ईजीसीजी हे द्रव्य गोळीतून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक पोटात गेले तर यकृतावर ताण आल्याच्या खुणा दिसतात, असे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये नोंदवले आहे.

मग इतक्या लोकांना गुण आल्यासारखा का वाटतो? मोठा ताप, शस्त्रक्रिया, झपाट्याने घटलेले वजन यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस मूठ-मूठ गळतात. घाबरून माणूस बाटली आणतो. ही गळती बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबते आणि श्रेय बाटलीला मिळते. ते सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो.

फिनास्टेराइडची तरफदारी करायला मी बसलेलो नाही. मान्यतेच्या वेळच्या चाचण्यांत लैंगिक तक्रारी गोळी घेणाऱ्यांत ३.८ टक्के आणि निष्क्रिय गोळीवाल्यांत २.१ टक्के होत्या. गोळी सोडल्यावरही काहींच्या तक्रारी टिकतात हे २०१२ मध्ये अमेरिकेत माहितीपत्रकात घातले गेले, आणि २०२५ मध्ये आत्मघाताचे विचार हा या गोळ्यांचा दुष्परिणाम असल्याचे युरोपच्या औषध संस्थेने मान्य केले. ज्याला ती नको वाटते त्याचे मला शंभर टक्के पटते. पण हे सारे आपल्याला कळले ते कोणीतरी मोजत होते म्हणून. माझ्या बाटलीतल्या कॅप्सूलचे कोणी मोजलेच नव्हते आणि तो कोरा कागद मी सुरक्षिततेचा दाखला समजलो.

आपल्याकडे माझे मागणे मोठे नाही. असा लेख छापताना वनस्पतीचा कोणता भाग, किती मात्रा, किती माणसांवर, किती काळ आणि कशाशी तुलना करून पाहिले, एवढे लेखकाला विचारावे. अठरा वर्षांखालच्या मुलांनी संप्रेरकांशी खेळणारे काहीही स्वतःहून घेऊ नये, हे ठळक यावे. पीएसए, थायरॉइड किंवा हृदयाची तपासणी असेल तर अशा गोळ्यांची नावे आधी डॉक्टरांना सांगावीत, हेही यावे. त्या लेखाशेजारी केसांच्या कॅप्सूलची जाहिरात होती. ती जाहिरात आहे हे मला दुसऱ्यांदा पान उघडल्यावर कळले. निदान पुढच्या वेळी लेख आणि जाहिरात यांच्यामध्ये दुसरा मजकूर असावा.

आणि 'दुष्परिणामांची भीती नाही' हे वाक्य त्याच पुरवणीत, त्याच पानावर दुरुस्त करून छापावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक