लग्न झालं म्हणजे सुधारला असं थोडीच असतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'द बिग बँग थिअरी' या अमेरिकन कॉमेडी सिरियलमधला शेल्डन, म्हणजे तो हुशार पण आपलंच खरं करणारा शास्त्रज्ञ, बारा सीझनमध्ये सुधारला की नाही यावरून तुमच्या पत्रांच्या पानावर जी जुंपलीय ती वाचून शेवटी राहवलं नाही म्हणून लिहितेय. एक गट म्हणतो एवढा बदललेला माणूस कॉमेडी सिरियलमध्ये दुसरा दाखवाच, आणि दुसरा गट म्हणतो स्वभावाला औषध नाही, २००७ ला जसा होता तसाच २०१९ ला, मधल्या मधे फक्त बायको आली आणि नोबेल मिळालं. गंमत अशी की दोन्हीकडचे लोक पुरावा म्हणून नुसत्या घटनाच मोजतायत, पहिला किस कधी, प्रपोज कधी केलं, लग्न कुठल्या सीझनला. अहो लग्न झालं म्हणजे माणूस सुधारला हा हिशोब खऱ्या आयुष्यात तरी कुठे जुळतो!

मी आपलं साधं बघते, चूक केल्यावर ती कळायला याला किती वेळ लागतो आणि किती माणसं कामाला लावावी लागतात. पहिल्या सीझनमध्ये तो नव्या साहेबांचा अपमान करून नोकरी घालवतो, मग घरी बसून अंड्यांवर प्रयोग, चमकणारे मासे, हातमागावर विणकाम असले उद्योग सुरू होतात, शेवटी त्याचा रूममेट लेनर्ड कंटाळून थेट टेक्सासहून त्याच्या आईला बोलावतो आणि ती बाई त्याला साहेबांच्या ऑफिसात नेऊन लहान पोरासारखी माफी मागायला लावते. स्वतःचं काही चुकलंय असं त्याला तेव्हाही वाटत नाही, आईचा धाक म्हणून मागतो. आता शेवटचा एपिसोड आठवा. नोबेल घ्यायला जाताना स्टॉकहोमच्या विमानात पेनी, म्हणजे त्यांची शेजारीण आणि आता लेनर्डची बायको, सारखी बाथरूमला जातेय, हा घाबरलाय की तिला काही झालं असेल तर ते मला लागेल, आणि ती प्रेग्नंट आहे हे कळल्यावर याला आनंद कशाचा, तर आपण आजारी पडणार नाही याचा! म्हणजे येरे माझ्या मागल्या. पण नोबेल घेताना मात्र तो लिहून आणलेलं भाषण बाजूला ठेवतो, एकेका मित्राला नाव घेऊन उभं करतो आणि सगळ्यांसमोर माफी मागतो. अ‍ॅमीने म्हणजे त्याच्या बायकोने आधी कान उपटलेत हे खरंय, पण ते भाषण बाजूला ठेवायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या मते फरक इथे पडलाय, आणि तो छोटासाच आहे. "संपूर्ण परिवर्तन" वगैरे लिहिणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

आता अ‍ॅमीनेच त्याला माणसात आणलं हे जे सगळे धरून बसलेत ते मला पटत नाही. दुसऱ्या सीझनचा ख्रिसमसचा एपिसोड परत बघा, अ‍ॅमी तेव्हा सिरियलमध्ये आलेलीच नाहीये. पेनी गिफ्ट देणार म्हटल्यावर परतफेडीच्या टेन्शनमध्ये हा वेगवेगळ्या किमतीच्या गिफ्ट बास्केट्स आणून ठेवतो, तिचं गिफ्ट बघायचं, किंमत ठरवायची, त्या भावाची बास्केट द्यायची आणि उरलेल्या दुकानात परत. आणि ती देते काय, तर 'स्टार ट्रेक'मधल्या स्पॉकने, म्हणजे याचं दैवत असलेल्या लेनर्ड निमॉय या नटाने, तोंड पुसून सही केलेला नॅपकिन. सगळ्या बास्केट्स आणून तिच्यासमोर ठेवल्या तरी त्याला पुरत नाहीत, मग तो अवघडून, कसातरी, तिला मिठी मारतो. अख्ख्या बारा सीझनमधला माझ्या दृष्टीने सगळ्यात चांगला सीन. म्हणजे माया आत होतीच, बाहेर कशी काढायची ते माहीत नव्हतं. अ‍ॅमीचं श्रेय मी नाकारत नाही, पण सगळं तिच्या खात्यावर जमा करू नका.

दरवाज्यावरची शेल्डनची ती तीन वेळा टकटक पण घ्या. वर्षानुवर्षं आपण त्यावर हसलो, आणि दहाव्या सीझनमध्ये तो पेनीला सांगतो की तेरा वर्षांचा असताना घरी लवकर आलो, दार उघडलं तर वडील दुसऱ्या बाईबरोबर, तेव्हापासून तीनदा वाजवतो, पहिली नेहमीची आणि बाकीच्या दोन आतल्या माणसांना कपडे सावरायला वेळ मिळावा म्हणून. इथे शेल्डन तसूभरही बदललेला नाही, सवय तीच, पण आपण त्याच्याकडे बघतो ते बदललं. याला ग्रोथ म्हणायचं की नाही यावर तुमच्या वाचकांनी भांडावं, हा भांडण्यासारखा मुद्दा आहे. (नंतर 'यंग शेल्डन' या त्याच्या लहानपणावरच्या सिरियलवाल्यांनी ती दुसरी बाई म्हणजे वेशांतर केलेली त्याची आईच होती असं दाखवून सगळी हवाच काढून टाकली, ते मला मुळीच आवडलं नाही.)

आणि एक गोष्ट लक्षात घ्या की असल्या सिरियलमध्ये माणसं फार बदलली तर लेखकांचीच पंचाईत होते. एकूण २७९ एपिसोड, त्यांचे रीरन दिवसभर चालू, टीव्ही लावला तर आता तिसरा सीझन चालू असेल आणि पुढच्या तासाला नववा, मग मधेच बघायला बसलेल्याला शेल्डन हा शेल्डनच वाटला पाहिजे, सोफ्यावरच्या स्वतःच्या जागेवरून भांडणारा. 'साइनफेल्ड' या जुन्या अमेरिकन कॉमेडीवाल्यांनी तर नियमच केला होता की मिठ्या नाहीत आणि धडे शिकणं नाही, आणि ती सिरियल नऊ सीझन चालली. त्यामुळे कोणी बदललंच नाही म्हणून सिरियल वाईट, हे लॉजिक चुकीचं आहे.

खरा बदललेला माणूस त्यांच्या ग्रुपमधला हॉवर्ड आहे आणि त्याच्याबद्दल तुमच्याकडे एकही पत्र नाही याचं नवल वाटतं. सुरुवातीचा हॉवर्ड आज बघवत नाही, पेनीच्या मागे लागलेला, दिसेल त्या बाईला काहीतरी चावट बोलणारा, आणि जोक मात्र त्याच्या बाजूने. पाचव्या सीझनमध्ये लग्नाच्या तोंडावर त्याचे जुने प्रताप होणाऱ्या बायकोला, बर्नाडेटला, कळतात तेव्हा तो सफाई देत बसत नाही, त्या माणसाची मलाच किळस येते आणि तू आलीस म्हणून तो आता उरला नाही असं सांगतो. पुढे त्याची आई जाते, कारण तिचा आवाज देणाऱ्या कॅरल अ‍ॅन सूझी २०१४ मध्ये खरंच वारल्या, आणि मग आईने करून ठेवलेलं फ्रीजरमधलं शेवटचं जेवण लाईट गेल्यामुळे खराब होणार म्हणून सगळे मित्र एकत्र बसून ते संपवतात. सात-आठ सीझन ज्या आईच्या ओरडण्यावर जोक झाले तिच्यासाठी हे असं करणं! बरं, हॉवर्डचा वात्रटपणा गेला नाही, पण आता हसं होतं ते त्याचं स्वतःचं.

ग्रुपमधल्या चौथ्या मित्राचं, राजचं, काय झालं ते दोन ओळीत संपतं. दारू प्यायल्याशिवाय बायकांशी बोलता येत नव्हतं, सहाव्या सीझनच्या शेवटी यायला लागलं, आणि मग त्याच्याशी करायचं काय ते लेखकांना सुचलं नाही. शेवटी एकटाच राहिला. एकटं राहणं वाईट नाही पण ते त्याने ठरवलंय असं तरी दाखवायचं होतं.

पण मला खरी तक्रार पेनीची करायचीय. वेट्रेस होती, अ‍ॅक्टिंगच्या नादात नोकरी सोडली, ते काही जमलं नाही तर रडत न बसता औषध कंपनीत सेल्सला लागली आणि नवऱ्यापेक्षा जास्त कमवायला लागली. बाराव्या सीझनमध्ये ती स्पष्ट सांगते की मला मूल नकोय. लेनर्ड नाराज होतो, तिचे वडीलही नाराज होतात, तरी ती ठाम राहते, आणि माझ्यासारख्या कितीतरी जणींनी तेव्हा मनात टाळ्या वाजवल्या असतील. आणि त्याच सीझनच्या शेवटच्या एपिसोडला ती प्रेग्नंट, आणि खूश! माणसाचं मत बदलू शकतं, कोण नाही म्हणतंय, पण ते बदलताना एक सीन तरी दाखवा ना. एक रात्र झोप लागली नाही, कोणाशी बोलली, रडली, चिडली, काहीतरी. शेल्डनच्या एका मिठीसाठी तुम्ही अख्खा एपिसोड बांधलात आणि हिचा आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय दोन एपिसोडच्या मधल्या फटीत उरकलात. बारा वर्षांत तिला माहेरचं आडनाव सुद्धा दिलं नाही, ते आणि वर.

शेल्डनवरची पत्रं आणखी चार आठवडे चालली तरी माझी काही हरकत नाही, पण पेनीचा तो निर्णय कोणाला पटला असेल आणि का पटला हे सांगता येत असेल तर त्यांचं पत्र आधी छापा.

आपली,
एक नियमित वाचक