तक्रार: तुमच्याच सपोर्टने चुकीचं व्हर्जन टाकायला लावलं, ॲक्टिव्हेशन संपली आणि आता नवीन लायसन्सचे पैसे मागताय

प्रति,
कस्टमर सपोर्ट आणि लायसन्स विभाग

विषय: प्रोसेसरनुसार कुठलं व्हर्जन घ्यायचं याची चुकीची माहिती, वाया गेलेली ॲक्टिव्हेशन परत मिळणे आणि एआरएम लॅपटॉपवर डोंगल (लायसन्ससाठी यूएसबीला लावायची चावी) न चालणे याबद्दल

नमस्कार,

मी अहिल्यानगरला अकाउंट्स आणि जीएसटी रिटर्नचं छोटं ऑफिस चालवते, तुमचं अकाउंटिंग सॉफ्टवेअर आम्ही बरीच वर्षं वापरतोय आणि लेजर, स्टॉक, बिलिंग सगळं त्यात पटापट होतं, ऑफिसमधल्या मुलींचा हात बसलाय त्यावर. म्हणून एवढं लांबलचक लिहितेय. सोडूनच द्यायचं असतं तर लिहीत बसले नसते.

तुमच्या डाउनलोड पेजवर एकाच सॉफ्टवेअरच्या तीन फाइली ठेवल्यात, एक्स८६, एएमडी६४ आणि एआरएम६४. बास एवढंच. कोणी कुठली घ्यायची याची एक ओळ सुद्धा नाही. मी किराणावाल्यांची आणि मेडिकलवाल्यांची रिटर्न भरते हो, मला प्रोसेसरची आतली भानगड कुठून माहीत असणार, म्हणून मी तुमच्या हेल्पलाइनला फोन केला. तिथल्या मुलाने विचारलं कॉम्प्युटर कुठला, मी सांगितलं इंटेल आय-फाइव्ह, तर तो लगेच म्हणाला मॅडम मग एएमडीवालं तुम्हाला चालणार नाही, ते एएमडी प्रोसेसरसाठी आहे, तुम्ही एक्स८६ टाका. आणि त्यानेच रिमोटवर येऊन टाकून दिलं.

हे साफ चुकीचं आहे. माझा भाचा हार्डवेअर नेटवर्किंगचं काम करतो, त्याने नंतर बघितलं तेव्हा कळलं. एएमडी६४ हे नाव पडलं कारण ६४-बिटची ही पद्धत आधी एएमडी कंपनीने आणली, २००३ साली त्यांचा ऑप्टेरॉन प्रोसेसर आला आणि पुढच्या वर्षी इंटेलने पण तीच पद्धत आपल्या प्रोसेसरमध्ये घेतली, आज बाजारात इंटेलचा आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन काहीही घ्या त्याच्यावर एएमडी६४ची फाइल चालते. तिलाच कोणी एक्स६४ म्हणतं, कोणी एक्स८६-६४. आणि एक्स८६ असं नुसतं लिहिलं असेल तर डाउनलोडच्या पेजवर त्याचा अर्थ ३२-बिट. म्हणजे चांगल्या ६४-बिट मशीनवर तुम्ही आम्हाला ३२-बिटचं सॉफ्टवेअर वापरायला लावलंत, आणि हे तुमच्याच माणसाने, तुमच्याच हेल्पलाइनवरून.

त्याने काय फरक पडतो असं कोणी विचारेल तर सांगते. आमच्या एका पार्टीचा डेटा मोठा आहे, होलसेलवाले आहेत, वर्षभराच्या एंट्र्या खूप. त्यांचा वार्षिक रिपोर्ट काढायला घेतला की अर्ध्यात आउट ऑफ मेमरी असा मेसेज येऊन सॉफ्टवेअर बंद पडायचं. तुमच्याकडे तक्रार केली तर उत्तर आलं रॅम वाढवा. आम्ही ८ जीबीची १६ जीबी केली, पैसे गेले, आणि परत तेच. टास्क मॅनेजरमध्ये अर्धी रॅम मोकळी दिसतेय आणि इकडे हा मेसेज! कारण विंडोजवर ३२-बिट प्रोग्रामला साधारणपणे २ जीबीच मेमरी वापरायला मिळते, फार झालं तर ४, मशीनमध्ये तुम्ही ६४ जीबी बसवली तरी त्याला तिचा उपयोग नाही. हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीला माहीत नाही असं कसं होईल? भाच्याने एएमडी६४ची फाइल टाकली आणि तोच रिपोर्ट पहिल्या झटक्यात निघाला, मशीन तेच, डेटा तोच.

एक्सेलचं पण तेच. तुमचं एक्सेलमध्ये डेटा पाठवणारं ॲड-इन आमच्याकडे दिसतच नव्हतं, सपोर्टने ऑफिस अनइन्स्टॉल करून परत टाकायला सांगितलं, ते पण केलं. आमचं एक्सेल ६४-बिट आणि तुमचं ॲड-इन ३२-बिट, ते दिसणार कसं. ऑफिस २०१९ पासून साधं इन्स्टॉल केलं तर ६४-बिटच येतं, म्हणजे हा प्रॉब्लेम फक्त माझ्याकडे नक्कीच नसणार.

जुना एक पीसी आहे, २ जीबी रॅमचा, ३२-बिट विंडोजवाला, तिथे एक्स८६ बरोबर चालू आहे, त्याबद्दल काही तक्रार नाही.

आता खरा त्रास झालाय तो नवीन लॅपटॉपचा. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचा आहे, म्हणजे इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या, एआरएम जातीचा, बॅटरी दिवसभर टिकते, पार्टीकडे जाऊन काम करायला बरा पडतो म्हणून घेतला. घ्यायच्या आधी तुमच्या पेजवर एआरएम६४ अशी फाइल आहे हे मी स्वतः बघितलं होतं आणि सेल्सला फोन करून विचारलं पण होतं, ते म्हणाले हो हो चालतं. फाइल डाउनलोड केली, सॉफ्टवेअर उघडलं, आणि डोंगल नॉट फाउंड. डोंगल लावलेलं आहे, त्याचा लाइट लागत नाही, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह. सपोर्टचं म्हणणं लॅपटॉपच्या यूएसबी पोर्टमध्ये फॉल्ट आहे, दुकानदाराकडून बदलून घ्या. त्याच पोर्टला पेनड्राइव्ह चालतो, प्रिंटर चालतो, माउस चालतो.

भाच्याने तुमची एआरएम६४ची फाइल उघडून आत बघितलं. सॉफ्टवेअर एआरएमचं आहे पण डोंगलचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला डोंगल ओळखू देणारा प्रोग्राम, जो दिलाय तो एक्स६४चाच आहे, तसाच उचलून ठेवलाय. विंडोज ११ एआरएम लॅपटॉपवर इंटेलसाठी बनवलेले साधे प्रोग्राम एम्युलेशन करून, म्हणजे इंटेलची नक्कल करून, चालवतं हे खरं, पण ड्रायव्हरला ती सोय नाही, ड्रायव्हर एआरएम६४चाच लागतो, दुसरा चालतच नाही. आणि तुमचं सॉफ्टवेअर डोंगलशिवाय बिल सुद्धा सेव्ह करत नाही. मग एआरएम६४ची फाइल तुम्ही पेजवर ठेवलीच कशाला? कोणी एकाने तरी एआरएमच्या मशीनवर डोंगल लावून बघितलं होतं का? मला याचं उत्तर पाहिजे, कारण त्या फाइलच्या भरवशावर मी लॅपटॉप घेतलाय.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे लायसन्स. आमचं लायसन्स तीन मशीनचं आहे आणि ऑफिसात मशीन पण तीनच. पण आय-फाइव्हवर आधी तुमच्या सपोर्टने एक्स८६ टाकलं, नंतर आम्ही बरोबर व्हर्जन टाकलं, तर तुमच्या सिस्टीमने एकाच कॉम्प्युटरच्या दोन ॲक्टिव्हेशन मोजल्या. तिसरी जुन्या पीसीवर. झाले तीन. आता लॅपटॉपवर ॲक्टिव्हेशन लिमिट ओव्हर असं येतंय आणि तुमच्या लायसन्स विभागातून मेल आला की ॲडिशनल युजर लायसन्स विकत घ्या. चूक तुमची आणि भुर्दंड आम्हाला, हे अजिबात चालणार नाही. फोन केला तर लायसन्सवाले म्हणतात टेक्निकलला विचारा, टेक्निकलवाले म्हणतात लायसन्सला विचारा, ही टोलवाटोलवी बंद करा.

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. वाया गेलेली ॲक्टिव्हेशन कुठलाही चार्ज न घेता रिसेट करा. एआरएम६४चा खरा ड्रायव्हर द्या, तो तयार नसेल तर तोपर्यंत लॅपटॉपवर डोंगलशिवाय ऑनलाइन लायसन्स चालू करून द्या, आणि देणारच नसाल तर पेजवरून ती फाइल काढून टाका आणि त्या एका युजरचे पैसे परत करा. रॅमचं बिल सोबत जोडलंय, तो खर्च तुमच्या लेखी सल्ल्यावरून झालाय, मेलचा स्क्रीनशॉट पण जोडलाय.

पेजवर काय लिहायचं ते सुद्धा मीच लिहून देते, मराठीत, हिंदीत टाका, कुठल्याही भाषेत टाका पण टाका. सेटिंग्जमध्ये जा, सिस्टीम, मग अबाउट, तिथे सिस्टीम टाइप असं लिहिलेलं असतं. ३२-बिट ऑपरेटिंग सिस्टीम दिसलं तर एक्स८६ घ्या. ६४-बिट ऑपरेटिंग सिस्टीम आणि पुढे एक्स६४-बेस्ड प्रोसेसर दिसलं तर एएमडी६४ घ्या, मग प्रोसेसर इंटेलचा असो नाहीतर एएमडीचा. पुढे एआरएम-बेस्ड प्रोसेसर दिसलं तर एआरएम६४. दोन मिनिटांचं काम आहे हे आणि हेल्पलाइनच्या मुलांना पण हेच शिकवा, त्या मुलावर माझा राग नाही, त्याला कोणी शिकवलंच नसणार. खरं म्हणजे इन्स्टॉलरनेच मशीन बघून बरोबर व्हर्जन टाकायला पाहिजे, कितीतरी सॉफ्टवेअर तसं करतात, ग्राहकाला फाइल निवडायला लावायचीच कशाला.

हे ऑफिस माझं पोट भरायचं साधन आहे, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू असेल तर तो माणूस ग्राहकच धरला जातो हे मला माहीत आहे. १९१५ या नॅशनल कन्झ्युमर हेल्पलाइनवर तक्रार टाकायची तयारी करून ठेवलीय, तिथून नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. पण माझी इच्छा तुमच्याशी भांडायची नाही, माझं काम सुरू व्हावं एवढीच आहे.

११ तारखेच्या आत जीएसटीआर-१ आणि २० च्या आत ३बी भरायचं असतं, उशीर झाला की दिवसाला ५० रुपये लेट फी पार्टीला बसते आणि पार्टी मला बोलते, तुम्हाला नाही. म्हणून निदान ॲक्टिव्हेशन रिसेटचं काम ११ च्या आधी करा, आणि ड्रायव्हर कधी देणार त्याची तारीख लेखी कळवा, फोनवर नको. लायसन्स नंबर, डिव्हाइस मॅनेजरचा फोटो आणि तिन्ही मशीनच्या सिस्टीम टाइपचे स्क्रीनशॉट जोडलेत.

कळावे,
आपली ग्राहक
(जोडलेली कागदपत्रं: रॅमचं बिल, सपोर्टचे मेल, स्क्रीनशॉट, लायसन्सची कॉपी)