ट्यूबवर एक शब्द हवा: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री,
सविनय नमस्कार.

मी त्वचारोग विभागात परिचारिका आहे. डॉक्टरांनी तपासून चिठ्ठी लिहून दिली की रुग्ण माझ्या टेबलापाशी येतो. मलम कसं लावायचं, किती लावायचं, कुठे अजिबात लावायचं नाही, हे मी त्याला समजावून सांगते. बावीस वर्षं हेच काम करते आहे. माझी मागणी एकच आहे आणि ती आधीच सांगून टाकते. स्टेरॉइड, म्हणजे कातडीची सूज आणि खाज शमवणारं औषध, असलेल्या प्रत्येक मलमाच्या ट्यूबवर ते किती तीव्र आहे, हे लोकांच्या भाषेत, ठसठशीत अक्षरांत छापलेलं असावं. सौम्य, मध्यम, तीव्र किंवा अतितीव्र. चारांतला एक शब्द.

मागे एक गृहस्थ आपल्या सात महिन्यांच्या मुलीला घेऊन आले. मुलीला इसब होतं. सध्या काय लावता, असं विचारल्यावर त्यांनी पिशवीतून दोन ट्यूब काढून माझ्यासमोर शेजारी शेजारी ठेवल्या. एकीवर हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का, दुसरीवर क्लोबेटासॉल ०.०५ टक्के. दोन्ही स्टेरॉइडच. पहिली बाळासाठी दिलेली. दुसरी घरातल्या मोठ्या माणसाच्या सोरायसिससाठी आणलेली, त्यातली उरलेली. ते म्हणाले, "सिस्टर, एवढ्याशा जिवाला एक टक्का जड होईल असं वाटलं, म्हणून हे कमीचं लावत होतो."

सहा आठवडे, दिवसातून दोनदा, दोन्ही गालांवर. गालांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ आणि चकचकीत झाली होती. खाली लाल बारीक शिरांचं जाळं दिसत होतं, तोंडाभोवती बारीक पुरळ उठलं होतं. एखाद्या दिवशी मलम राहिलं की गाल लालबुंद व्हायचे, बाळ रडून रडून घर डोक्यावर घ्यायचं. मग ते पुन्हा तेच मलम लावायचे आणि गाल शांत व्हायचे. आपलं बरोबर चाललंय, याची त्यांना दर वेळी खात्रीच पटत होती.

या बापाने आकडा वाचला आणि आपल्या लेकीसाठी लहान आकडा निवडला. यात त्याचं काय चुकलं? ०.०५ पेक्षा १ वीसपट मोठा, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. पण ट्यूबवरची टक्केवारी एवढंच सांगते की शंभर ग्रॅम मलमात औषध किती ग्रॅम आहे. त्या औषधाचा जोर किती, हे ती सांगत नाही. क्लोबेटासॉल हे हायड्रोकॉर्टिसोनच्या ६०० पटीपर्यंत तीव्र धरलं जातं. म्हणजे छापलेला आकडा वाचणाऱ्याला उलट्या दिशेला घेऊन जातो. आणि जो माणूस वाचतो, काळजी घेतो, तोच फसतो. मला याचं सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

ही माहिती कुठे दडवलेली नाही. औषध कातडीवर लावायचं आणि रक्तवाहिन्या आकसून ती जागा किती पांढरी पडते ते पाहायचं, ही तीव्रता जोखण्याची पद्धत १९६२ पासून वापरात आहे. तिच्या आणि उपचारातल्या अनुभवाच्या आधाराने या औषधांचे वर्ग लावलेले आहेत. ब्रिटनमध्ये चार वर्ग मानतात, अमेरिकेत सात. डॉक्टरांच्या पुस्तकात तक्ता आहे, औषधविक्रेत्याला तो विचारता येतो. ज्याच्या बोटावर मलम आहे, फक्त त्याच्या हाती तो नाही.

आता दुसरी बाजू सांगते, कारण ती सांगितली नाही तर माझ्या पत्राचा उलटा अर्थ लागेल.

स्टेरॉइडचं मलम हे वाईट औषध आहे, असं मी म्हणत नाही. कॉर्टिसोन या स्टेरॉइडवरच्या संशोधनाला १९५० साली नोबेल पारितोषिक मिळालं आणि १९५२ मध्ये हायड्रोकॉर्टिसोन कातडीवर लावून गुण येतो हे दिसलं. त्याआधी इसबाच्या रुग्णाला काळं, वासाचं डांबरी मलम आणि पट्ट्या यांपलीकडे फारसं काही देता येत नव्हतं. खाजेने रात्र रात्र जागणारी मुलं मी पाहिली आहेत. चादरीवर रक्ताचे ठिपके, नखांत कातडीचे कण, सकाळी शाळेत पेंगणारं पोर. योग्य मलम योग्य मापात लावलं की तेच पोर चार-पाच दिवसांत गाढ झोपतं. आई पुढच्या खेपेला येते तेव्हा तिचाही चेहरा झोप झालेला असतो.

आणि तरीही लोक या मलमाला घाबरतात. माझ्याकडे हातांच्या इसबाची एक तरुणी यायची. बोटांच्या पेरांवर चिरा पडलेल्या, लिंबू पिळायचं म्हटलं तरी डोळ्यांत पाणी. दीड महिन्याने ट्यूब आणायला सांगितली, तर ती जवळजवळ भरलेलीच. झाकणाजवळ किंचित दाबल्याची खूण. "स्टेरॉइड आहे ना, म्हणून अगदी टिंबाएवढं लावते, तेही फारच झालं तर." शरीर कमावण्यासाठी काही जण घेतात ते स्टेरॉइड वेगळं आणि हे वेगळं, इथून मला सुरुवात करावी लागली. इसबावरच्या या मलमांच्या चाचण्यांचा एक मोठा आढावा २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यात २२ चाचण्यांमधल्या २,२६६ लोकांपैकी २६ जणांची कातडी पातळ झाल्याचं आढळलं, म्हणजे साधारण १ टक्का, आणि त्यांतले बहुतेक जण जास्त तीव्र औषध वापरणारे होते. या चाचण्या बहुतांशी थोड्या मुदतीच्या होत्या, हे खरं. पण थोड्या मुदतीसाठी, नेमून दिल्याप्रमाणे वापरलं तर भीतीचं कारण फार कमी आहे, एवढं त्यातून नक्की दिसतं.

त्या बापाने सहाशे पटीपर्यंत तीव्र औषध बिनधास्त लावलं. ही मुलगी मध्यम तीव्रतेच्या औषधाला विषासारखी भ्यायली. दोघांच्याही ट्यूबवर तो एक शब्द असता तर दोघंही वाचले असते.

महोदय, मापाबद्दलही थोडं सांगू द्या. "पातळ थर लावा" ही सूचना मला अजिबात आवडत नाही. पातळ म्हणजे किती? आपल्या भाषेत बोटाचं पेर हा शब्द पूर्वापार आहे आणि जगभरच्या त्वचारोग विभागांत वापरलं जाणारं मापही नेमकं तेच आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या रेषेपर्यंत ट्यूबमधून मलमाची एक रेघ काढायची. नेहमीच्या तोंडाची ट्यूब असेल तर ते सुमारे अर्धा ग्रॅम भरतं. एवढं एक पेर मोठ्या माणसाच्या दोन पंजांएवढ्या भागाला पुरतं, बोटं एकमेकांना चिकटवून सपाट ठेवलेले पंजे. मोठ्या माणसाच्या चेहऱ्याला आणि मानेला मिळून अडीच पेरं, एका हाताला खांद्यापासून मनगटापर्यंत तीन, एका पायाला सहा, पाऊल वेगळं. लहान मुलाला लावतानाही पेर मोजायचं ते मोठ्याच्याच बोटाचं, फक्त पेरांची संख्या कमी. मी हे सांगताना रुग्णाच्याच बोटावर मलम काढून दाखवते. बहुतेकांचा पहिला उद्गार असतो, "एवढं?" आणि काहींचा, "एवढंच?"

सुजलेल्या, खाजणाऱ्या जागेवरच लावायचं. बहुतेक मलमं दिवसातून एकदा पुरतात, फार तर दोनदा. लाली आणि खाज गेली, हात फिरवल्यावर खरखरीत लागेनासं झालं की डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे थांबवायचं. त्वचेला ओलावा देणारं साधं मलम मात्र चालूच ठेवायचं. दोन्ही मलमांमध्ये पंधरा-वीस मिनिटांचं अंतर ठेवलं की एक दुसऱ्यात मिसळून पसरत नाही. ज्यांचं इसब सारखं उलटतं त्यांना डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस लावायला सांगतात, तो भाग वेगळा.

जागेचं भान तर फारच महत्त्वाचं. सगळीकडची कातडी सारखी नसते. हायड्रोकॉर्टिसोन किती शोषलं जातं हे १९६७ च्या एका अभ्यासात मोजलं होतं. हाताच्या पुढच्या भागातून जेवढं आत जातं, त्याच्या सहापट कपाळातून, १३ पट जबड्याच्या कडेच्या कातडीतून आणि ४२ पट अंडकोशाच्या कातडीतून गेलं. तळपायातून मात्र जेमतेम सातवा हिस्सा. म्हणून तळपायाच्या जाड चट्ट्याला दिलेलं मलम जांघेत लावलं की ते तेच औषध राहत नाही. पापण्यांवर तीव्र मलम दीर्घकाळ लावलं तर काचबिंदू आणि मोतीबिंदूचा धोका असतो. बाळाच्या लंगोटाखाली किंवा घट्ट पट्टीखाली ते झाकलं गेलं की आणखी आत जातं. बाळाचं वजन कमी आणि त्या मानाने कातडीचं क्षेत्र जास्त, त्यामुळे अंगभर तीव्र मलम फासलं तर शरीर स्वतः तयार करत असलेल्या कॉर्टिसोल या संप्रेरकावरही परिणाम होऊ शकतो. आणि ज्यांनी तीव्र मलम महिनोन्महिने लावलं आहे, त्यांनी ते बंद केल्यावर अंग लाल होऊन भाजल्यासारखी आग होऊ शकते. अशांनी मनाने बंद न करता डॉक्टरांना विचारूनच कमी करत जावं.

नायट्याचंही सांगायलाच हवं. खाज आहे म्हणून उरलेली ट्यूब उघडायची, ही सवय इतकी सार्वत्रिक आहे की मला रोज एक तरी असा माणूस भेटतो. नायटा बुरशीने होतो. स्टेरॉइड लावलं की पहिले दोन-तीन दिवस खाज थांबते, लाली उतरते. बुरशी मात्र आत आरामात पसरते, कारण तिच्याशी लढणारी शरीराची प्रतिक्रियाच औषधाने दाबलेली असते. नायट्याची ती ओळखू येणारी गोल कड पुसट होते, चट्टे भलत्याच आकाराचे होतात आणि मग अनुभवी डॉक्टरही क्षणभर थबकतात. खाज हे एक लक्षण आहे. त्यामागे इसब असेल, नायटा असेल, खरूज असेल. स्टेरॉइडने ती तिन्हींत थांबल्यासारखी वाटते, म्हणून तर फसगत होते.

तर आपल्याकडे मागणं काय?

ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०२४ मध्ये स्टेरॉइडच्या मलमांवर त्यांची तीव्रता लिहिण्याची नवी पद्धत जाहीर केली: सौम्य, मध्यम, तीव्र, अतितीव्र. तिथे जे होऊ शकतं ते इथे करायला वेगळं विज्ञान लागत नाही. वर्ग ठरलेले आहेत, शब्द ठरलेले आहेत. आपण फक्त तो शब्द छापणं बंधनकारक करावं. खोक्यावर तर हवाच, पण ट्यूबवर नक्की हवा. खोकं पहिल्याच दिवशी कचऱ्यात जातं आणि माहितीचा कागद त्याच्यासोबत. ट्यूब वर्षभर कपाटात राहते आणि घरातल्या दुसऱ्याच कुणाच्या तरी हाती लागते. औषधाचं नाव, टक्केवारी आणि हा शब्द एकाच बाजूला, एकाच नजरेत यावेत. स्टेरॉइडबरोबर बुरशीचं आणि जंतूंचं औषध मिसळलेली मलमं असतात, त्यांवर तर तो आणखी हवा, कारण अनेकांना त्यात स्टेरॉइड आहे हेच माहीत नसतं. जागा उरली तर पेराचं छोटं चित्र काढावं.

एक कळकळीची विनंती मात्र आहे. लाल अक्षरांत "धोका" असं छापू नका. ती चिरा पडलेल्या हातांची मुलगी मग ट्यूब उघडणारसुद्धा नाही. लोकांना आधीच पुरेशी भीती आहे, त्यांना माहिती हवी आहे.

त्या बाळाचे गाल आता बरे आहेत. डॉक्टरांनी औषध हळूहळू सौम्य करत थांबवलं, डोळे तपासून घेतले, ते ठीक होते. बऱ्याचशा शिरा विरल्या. डाव्या गालावर एक-दोन अजून दिसतात, उजेडात धरलं तर. वडील दर खेपेला तिचा गाल उजेडाकडे वळवून मला विचारतात, "ही जाईल ना?" मी म्हणते, वाट पाहू.

त्या दिवसापासून मी प्रत्येक रुग्णाच्या ट्यूबवर कागदी चिकटपट्टी लावते आणि पेनाने तो शब्द लिहून देते. पुढच्या भेटीला ट्यूब येते तेव्हा शाई पसरलेली असते, तेलकट बोटांनी पट्टी निम्मी सुटलेली असते. मी नवी लावते. माझ्या टेबलापर्यंत जे कधी पोहोचतच नाहीत, त्यांच्या ट्यूबवर ती पट्टी कोण लावणार, एवढंच आपल्याला विचारायचं होतं.

आपली,
त्वचारोग विभागातील एक परिचारिका