नव्या बिऱ्हाडाला आईचं पत्र

गावभाग, सांगली

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

हिंजवडीत दोन मित्रांबरोबर फ्लॅट घेतलास, शेगडी-भांडी आधीच्या भाडेकरूंची तिथंच आहेत, हे कळलं. मेस सुटली याचा मला आनंद आहे. पण फोनवर बोलताना तुझं मागं काम चालू असतं, म्हणून हे लिहून पाठवतेय. मित्रांनाही वाचून दाखव.

आधी गॅस. नळी बघ. केशरी रंगाची, आत तारेची जाळी असलेली, आयएसआय छापाची सुरक्षा नळीच हवी. पाच वर्षं झाली की ती बदलायची, वरून कितीही चांगली दिसो. त्यावरचं साल पुसलेलं असेल तर विचार करत बसू नका, नवी आणा. टाकी घेताना वरच्या कड्याला धरणाऱ्या पट्ट्या असतात ना, त्यांच्या आतल्या बाजूला ए, बी, सी, डी यातलं एक अक्षर आणि पुढं साल असतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, असं पुढं. सी-२८ असेल तर त्या टाकीच्या तपासणीची मुदत सप्टेंबर २०२८ पर्यंत. मुदत उलटलेली टाकी दारातूनच परत पाठवायची, घाईत असलास तरी.

रेग्युलेटर बसवला की साबणाचा फेस बोटावर घे आणि रेग्युलेटरभोवती, नळीच्या दोन्ही टोकांना लाव. थोडा वेळ बघत राहा. फुगे धरले तर गळतंय. काडी ओढून गळती बघणारी माणसं अजून आहेत. तुमच्यात कुणी तसं करायला लागला तर त्याचा हात धर.

गॅसला मूळचा वास नसतो, गळती कळावी म्हणून तो मुद्दाम घालतात. आणि हवेपेक्षा जड असल्यानं तो खाली फरशीलगत साचतो. रात्री वास आला तर दिवा लावायचा नाही, चालू असला तर बंदही करायचा नाही. एक्झॉस्ट पंख्याला तर हातच लावू नका. टाकी बंद, दारं-खिडक्या सताड उघडी, सगळे बाहेर, आणि बाहेर गेल्यावर १९०६ ला फोन.

कुकरचं तुला येतं. फक्त डाळ असली तर निम्म्याच्या वर भरू नकोस, फेस शिट्टीच्या भोकात जाऊन बसतो. झाकण लावायच्या आधी ते भोक उजेडाकडे धरून आरपार बघायचं. आणि वाफ आपोआप जिरू दे. भूक लागली म्हणून शिट्टी चमच्यानं उचलायची नाही.

रात्रीचा भात ओट्यावर ठेवून झोपता असं तुझ्या बोलण्यात आलं, त्याची मला जास्त काळजी वाटली. लोकांना वाटतं सकाळी फोडणी दिली की झालं. भातात बॅसिलस सेरियस नावाचा जंतू असतो. त्याची बीजं शिजूनही मरत नाहीत, आणि उघड्यावर राहिलेल्या भातात तो जे विष सोडतो ते परत गरम करून जात नाही. दोन तासांच्या आत भात पसरट भांड्यात निववून फ्रिजमध्ये. फोडणीचा भात मग खुशाल करा, भरपूर कांदा घालून.

टाकी बुक केली की मोबाईलवर एक कोड येतो. तो डिलिव्हरीवाल्याला सांगायचाच असतो, पण टाकी दारात आल्यावर. आधी फोन करून कुणी मागितला तर नाही. तसंच पैसे यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, फक्त जायला लागतो. आपल्या गल्लीतल्या एका निवृत्त शिक्षकांना पोलिसाचं सोंग घेतलेल्या भामट्यानं 'डिजिटल अरेस्ट' म्हणून दिवसभर व्हिडिओ कॉलपुढं बसवून ठेवलं होतं. कायद्यात अशी अटकच नाही. शेजारणीला संशय आला आणि तिनं सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या १९३० नंबरला फोन लावला म्हणून पैसे वाचले. तुम्ही शिकलेली मुलं, तरी त्या आवाजातली जरब ऐकून माणूस गांगरतो, हे मी त्यांच्याकडे बघून सांगते.

२०१९ च्या पुरात मोबाईलवर काय काय आलं ते आठवतंय का? कोयना धरणाला तडा गेलाय, रात्रीत शहर जाणार, असा एक रडवेला आवाज घरोघर फिरत होता. शेजारच्या आजींना त्यानंच धाप लागली. तेव्हा बाबा दर थोड्या वेळानं आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी विचारून घ्यायचे आणि जिन्यात उभं राहून सगळ्यांना सांगायचे. इशारा चाळीस फुटांना, धोका पंचेचाळीसला, आणि त्या वर्षी पाणी सत्तावन्नच्या वर गेलं. आकडा भयंकरच होता, पण तो खरा होता, म्हणून सामान कुठवर चढवायचं हे ठरवता आलं.

तू म्हणालास, राजकारणात मला रस नाही, सगळे सारखेच. मला हे पटत नाही. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटर करायला माझाही विरोध आहे, आणि त्यावर इथं सगळ्याच पक्षांचे लोक बोलतात. पण निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे नदीकाठी जिथं बांधायला मनाई असते तिथं, बांधकामं उभी राहतात, नाले बुजतात, ते आपल्याच गावात, आपणच निवडून दिलेल्यांच्या डोळ्यांदेखत. तिथं एक नगरसेवक अडून बसला तर एखादी गल्ली कोरडी राहते. मग सगळे सारखे कसे? उमेदवाराला मालमत्ता, शिक्षण आणि अंगावरचे गुन्हे प्रतिज्ञापत्रात लिहून द्यावे लागतात, निवडणूक आयोगाच्या साइटवर ते कुणालाही वाचता येतं. फोनवर एवढं वाचतोस, तेही वाच.

आणि तुझं मत आता तिकडे हलव. बाबांचं म्हणणं वेगळं आहे, मतदानाच्या निमित्तानं पोरगं घरी येतं, ते कशाला तोडतेस, असं ते म्हणतात. मलाही तू यायला हवाच आहेस. पण पाणी तू तिथलं पितोस, खड्ड्यांतून गाडी तिथं चालवतोस, टँकरचे पैसे तिथं भरतोस. ज्याला जाब विचारायचा त्याच्याच यादीत नाव पाहिजे. नमुना ८ भरायचा, ऑनलाइन होतो, भाडेकराराची प्रत जोडावी लागेल. करार नोंदवलेला आहे ना, ते मात्र घरमालकाला आधी विचार. अर्ज भरलास की त्याचा क्रमांक बाबांना पाठव, ते यादी बघत राहतील.

दिवाळीला चार दिवस जास्त काढून ये.

तुझी,
आई