ठेव मोडू नकोस

चि. राजा यास आईचे अनेक आशीर्वाद.

घटस्फोटाच्या हिशेबात येऊ नये म्हणून मुदत ठेव मोडून रक्कम माझ्या खात्यात टाकू का, असं तू फोनवर विचारलंस. मावशी समोर बसली होती म्हणून तेव्हा बोलले नाही. उत्तर ‘नाही’ आहे. माझ्या नावावर तुझा एक रुपयाही येणार नाही, आणि हे मी रागाने सांगत नाहीये.

पोटगीचा प्रश्न आला की वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात दोघांनाही मिळकत, मालमत्ता आणि कर्जं यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. २०२० साली रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते देशभर लागू केलं. ऐन भांडणात मोडलेली ठेव आणि आईच्या खात्यात गेलेले पैसे स्टेटमेंटवर तारखेसकट दिसतात. खोट्या प्रतिज्ञापत्रावर कारवाई होऊ शकते ती वेगळीच, त्याआधी न्यायाधीशांचा विश्वास उडतो आणि मग तुझं खरं बोलणंही कोणी मनावर घेत नाही. पण हा कायदा नसता तरी मी नाहीच म्हटलं असतं. ते पैसे तुम्ही दोघांनी साठवलेत. छकुली झाल्यावर सूनबाईने नोकरी सोडली, घर बघितलं, बाळ बघितलं, माझ्या गुडघ्याचं ऑपरेशनही तिनेच निभावलं. मी ते विसरणार नाही, तूही विसरू नकोस.

लग्न मोडलं की निम्मं घर आपोआप बायकोचं, असं तुझे मित्र घाबरवतात. तसं नाही. गोव्याचा कायदा वेगळा. आपल्याकडे घर कोणाच्या नावावर आणि त्यात पैसा कोणी घातला, हे बघतात. म्हणून तिचं काहीच नाही असा अर्थ मात्र काढू नकोस. पोटगी ठरवताना तिचं शिक्षण, उत्पन्न, लग्नातलं राहणीमान आणि संसारासाठी सोडलेली नोकरी, हे सगळं न्यायालय विचारात घेतं.

माझी खरी काळजी कांदिवलीच्या फ्लॅटची आहे. बँकेच्या कर्ज विभागात असताना अशी जोडपी माझ्या टेबलासमोर बसायची. घटस्फोटाच्या हुकूमनाम्यात लिहिलेलं असायचं की हप्ते नवरा भरेल, म्हणून बायको निर्धास्त. त्याने हप्ते थांबवले की नोटीस तिलाही जायची, आणि ती तो हुकूमनामा माझ्यापुढे धरायची. मला ‘ताई, बँक या कागदात पक्षकार नाही’ एवढंच सांगता यायचं. कर्जाच्या करारावर दोघांच्या सह्या असतील तर पूर्ण कर्जाला दोघंही जबाबदार असतात आणि सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या पतीचा स्कोअर, दोघांचाही बिघडतो. तेव्हा घर कोणाकडे राहणार हे ठरलं की आधी बँकेत जा. ज्याच्याकडे घर राहील त्याच्या एकट्याच्या पगारावर कर्ज बसतंय का ते विचार आणि दुसऱ्याचं नाव कमी करून घे.

माझं मत विचारशील तर घर त्या दोघींकडे राहू दे. छकुलीची शाळा तिथून चालत जाण्याजोगी आहे. मात्र तुझा हिस्सा तिच्या नावे करायचा तर दस्त कोणता आणि कधी, हे वकिलांना नीट विचार. नवऱ्याने राहतं घर बायकोला बक्षीसपत्राने दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, मुंबईतला अधिभार वेगळा. हुकूमनामा झाल्यावर तुम्ही नवरा-बायको उरत नाही आणि ती सवलतही उरत नाही. बक्षीसपत्र बिनमोबदला लागतं, म्हणून पोटगीच्या बदल्यात घर देत असशील तर शब्दरचना वकिलांवरच सोड. घर गहाण आहे, म्हणजे बँकेचं ना हरकत पत्र लागेल. मग सोसायटीत शेअर सर्टिफिकेटवर नोंद.

पोटगी एकरकमी दिली तर ती भांडवली रक्कम धरतात, तिला त्यावर आयकर लागत नाही. दरमहा दिली तर तिच्या उत्पन्नात मोजली जाते. तुला वजावट कशातच नाही.

आता लॉकर. तिच्या माहेरचा कोल्हापुरी साज, पाटल्या, तोडे आणि आपण लग्नात घातलेली पुतळ्यांची माळ, हे सगळं माझ्या लॉकरमध्ये आहे. ते तिचं स्त्रीधन आहे. प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच सांगितलंय की त्यावर नवऱ्याचा किंवा सासरचा हक्क नाही. पुतळ्यांची माळ सासरची म्हणून मागे ठेवायची, असं तुझी आत्या म्हणते. घातली तेव्हा ती तिची झाली. सराफाच्या पावत्या माझ्याकडे आहेत. वजनासह यादी करून, तिच्या आईसमोर मोजून देईन आणि पोच घेईन. त्यात तू पडायचं नाहीस.

घटस्फोट संमतीने घ्यायचं ठरलं तर अर्जाआधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्जानंतर सहा महिने थांबायचं असतं. समेटाची आशाच नसेल आणि पोटगी, मुलांचा ताबा वगैरे मिटलं असेल तर न्यायालय ते माफ करू शकतं, हे २०१७ च्या निकालापासून. शेवटच्या सुनावणीपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं, म्हणून तोवर तोंडी वचनावर काही उधळू नकोस. फी परवडत नाही म्हणून तिने घाईत सही करावी, असं मला नको. बाईला उत्पन्न न बघता सरकारी विधी सेवेतून मोफत वकील मिळतो, हे तिला तू स्वतः सांग.

तुझ्या कंपनीचा मेडिक्लेम तिला पुढे मिळणार नाही. तिला थायरॉइड आहे आणि नव्या पॉलिसीत जुन्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणून तिची पॉलिसी आत्ताच काढा. तुझ्या पीएफचं आणि विम्याचं नामनिर्देशनही नंतर बदलावं लागेल.

छकुलीच्या खर्चावरचा हक्क तिची आई सोडून देऊ शकत नाही, तो हक्क छकुलीचा आहे. शाळेची फी, क्लास, आजारपण कोण भरणार आणि दरवर्षी किती वाढ, हे कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या अटींच्या कागदात, आकड्यात लिहा. सुकन्या खात्यातही पंधरा वर्षं पैसे भरायचे असतात, ते कोणी भरायचे हेही लिहा. ‘दोघं मिळून बघू’ असं लिहिलेलं पुढे वसूल करता येत नाही. भेटीचे वार, गणपती, दिवाळी, मे महिन्याची सुट्टी, सगळं लिहा. आणि छकुलीसमोर पैशाचा विषय काढू नका, दोघांनीही.

शनिवारी येताना कर्जाचं सँक्शन लेटर, चालू स्टेटमेंट आणि शेअर सर्टिफिकेटची प्रत घेऊन ये. वकिलांनी मसुदा दिला असेल तर तोही आण, पण सही न करता. रात्री इथेच राहा, आपण ओळ न् ओळ वाचू.

तुझी,
आई